निरंक, खाली सही निनावे

‘नाव निनावे, अहवाल निरंक!’ हा विनोद आमच्या हेडक्लार्कचा. दर महिन्याच्या सभेआधी ते तो करायचे आणि आम्ही दर महिन्याला हसायचो. मीही हसायचो. हेडक्लार्क हसले की हसायचं, हे नोकरीच्या पहिल्या आठवड्यातच कळलं होतं. निरंक म्हणजे काही नाही. सरकारी कागदावर एखाद्या रकान्यात लिहिण्यासारखं काही नसलं तरी तो रिकामा सोडायचा नसतो, तिथं निरंक लिहायचं. रिकामी जागा दिसली की साहेब विचारतात, निरंक दिसलं की विचारत नाहीत. सगळ्या नोकरीत मी हा शब्द किती वेळा लिहिला असेल, देव जाणे. त्यातला एक मात्र अजून घशाखाली उतरत नाही.

नागपूरहून एसटीनं दीड तासावरची आमची नगरपरिषद. गावाचं नाव लिहीत नाही. या गोष्टीतले काही लोक अजून जिवंत आहेत, आणि जे गेले त्यांची पोरं आता खुर्च्यांवर आहेत. आणीबाणी लागायच्या एखाद-दोन वर्षं आधीची ही गोष्ट. मी तिथं सामान्य शाखेत बाबू होतो आणि गणपतराव निनावे आगीच्या बंबाचे प्रमुख होते. प्रमुख म्हणजे काय, तर एक जुना बंब आणि हाताखाली दोन माणसं. लोक त्यांना बंबवालेच म्हणत.

ठेंगणा, काळासावळा माणूस. खाकी कपडे, पट्ट्याचं पितळी बक्कल चिंचेनं घासून लखलखीत केलेलं. डावी भुवई नव्हती. ती कधीतरी जळली आणि पुन्हा उगवलीच नाही, त्यामुळे ते साधं बोलत असले तरी काहीतरी विचारताहेत असं वाटायचं. मूळचे उमरेडचे, कोष्ट्याच्या घरातले. वडिलांच्या हयातीतच हातमाग बंद पडला, हे लष्करात गेले, तिथं बंबावर राहिले आणि परत येऊन आमच्याकडे लागले. पण बोटं कोष्ट्याचीच राहिली. कोणाच्या बाहीचा, कॉलरचा दोरा लोंबताना दिसला की बोलता बोलता हात पुढे करायचे आणि दोन बोटांत अशी बारीक गाठ मारायचे की शोधून सापडू नये. मुख्याधिकाऱ्यांच्या बुशशर्टलासुद्धा त्यांनी एकदा अशी गाठ मारली होती. साहेबांना ते आवडलं नाही.

निनावे ‘आग’ हा शब्द तोंडातून काढायचे नाहीत. ते ‘काम’ म्हणायचे. ‘काल दोन कामं झाली.’ ‘आज काम नाही, देवाची कृपा.’ नव्या माणसाला वाटावं, हा कसला कामचुकार! सणावाराला कोणी त्यांना ‘काय निनावे, कामधंदा कसा आहे?’ असं विचारलं की ते कानाला हात लावायचे.

रोज सकाळी साडेदहाला ते रजिस्टर घेऊन मुख्याधिकाऱ्यांसमोर उभे राहायचे. टाचा जुळवायचे आणि मोठ्यानं वाचायचे. बंब भरला. पाइप सहा, पैकी दोन फुटके. माणसं दोन, पैकी एक तापानं घरी. साहेब मान वर न करता खाली ‘पाहिले’ असं लिहायचे आणि कोंबडी ओढायचे. आमच्याकडे सहीला तसंच म्हणत. साहेब पुण्याकडचे, नवीन, स्वभावानं वाईट नव्हते. त्यांना फक्त इथून लवकर बदली हवी होती, आणि तोवर काही घडायला नको होतं.

एक दिवस ‘पाहिले’ लिहून झाल्यावरही निनावे हलले नाहीत.

‘‘काय हो?’’

‘‘साहेब, काय पाहिलं?’’

मी फायलींचा गठ्ठा घेऊन शेजारी उभा होतो.

‘‘रजिस्टर पाहिलं,’’ साहेब म्हणाले.

‘‘रजिस्टरानं काम इझत नाही, साहेब. खाली या न दोन मिनिटं. बंबाच्या टाकीत हात घाला. कोपरापर्यंत पाणी लागलं, तं लिहा पाहिलं. नाही लागलं, तं मले शिव्या द्या.’’

‘‘निनावे, तुम्ही आपलं काम करा.’’

‘‘तेच करून राहिलो, साहेब.’’

साहेबांनी घंटी वाजवली. म्हणजे जा. निनाव्यांनी सलाम ठोकला, बाहेर आले, आणि जिन्यावर मला मनगटाला धरून म्हणाले, ‘‘तू तरी चल गा बाबू.’’ मी गेलो. जाऊ नको म्हणायला कोणी नव्हतं म्हणून गेलो, फार काही तत्त्वासाठी नाही. बंबावर चढलो, झाकण उघडून हात घातला. कोपर ओलं झालं, शर्टाची बाही भिजली. निनाव्यांना इतका आनंद झाला की त्यांनी माणूस पाठवून माझ्यासाठी चहा आणि तर्रीचे पोहे मागवले. ‘‘इतक्या वर्षांत पहिला माणूस पाहिला, ज्यानं पाहिलं,’’ असं स्वतःशीच म्हणत राहिले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, ‘‘आता तू माहा साक्षीदार.’’ पोहे खाता खाता मी हसलो. साक्षीदार हा शब्द तेव्हा मला गमतीचा वाटला.

दुसरा प्रसंग सभेतला. गणपतीच्या मिरवणुकीचं ठरवायला नगरपरिषदेची सभा भरली होती आणि ठाणेदारांना बोलावणं होतं. ठाणेदारांना अध्यक्षांच्या शेजारी खुर्ची, कपबशीत चहा. निनावे दाराशी उभे. बंब आपला, तो माणूस आपला नोकर, त्याला खुर्ची कशाला? अध्यक्ष त्या दिवशी रंगात होते. गाव आपल्या मुठीत आहे हे सभासदांना दाखवायचं होतं. म्हणाले, ‘‘ठाणेदारसाहेब, गेल्या महिन्यात गावात चोऱ्या किती झाल्या, तेवढं सभेला सांगून टाका.’’

ठाणेदारांनी शांतपणे चहाचा घोट घेतला. ‘‘ते मी नागपूरला एसपी साहेबांना सांगतो, अध्यक्षसाहेब. तुम्हाला पाहिजे असेल तर त्यांना पत्र लिहा. इथं मी मिरवणुकीपुरता आलो.’’

अध्यक्षांचा चेहरा पडला. कोणावर तरी तो पडलेला चेहरा काढायचा होता, तर दाराशी निनावे दिसले.

‘‘निनावे, तुमचा अहवाल कोणाकडे येतो?’’

‘‘तुमच्याकडे, साहेब.’’

‘‘मोठ्यानं सांगा.’’

‘‘तुमच्याकडे येते, साहेब!’’

सभासदांनी बाकं वाजवली. निनाव्यांनी बाकं थांबेपर्यंत वाट पाहिली आणि त्याच आवाजात म्हणाले, ‘‘पण येते अन् मंग जाते कुठी, हे काही मले कळलं नाही अजून.’’

ठाणेदार इतक्या जोरात हसले की चहा नाकात गेला. अध्यक्षांनी ते हसू ठाणेदारांना माफ केलं, कारण करावंच लागलं. निनाव्यांना केलं नाही.

सभा संपल्यावर मी म्हटलं, ‘‘निनावे, काहून स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेता?’’

‘‘पाहा गा बाबू, ठाणेदाराच्या वर नागपूर आहे. इथं कोणी त्याचं तोंड दाबलं तं तो तिथं बोलन. माह्या वर कोण आहे? मुख्याधिकारी अन् अध्यक्ष. ज्याच्याविरुद्ध सांगायचं, त्यालेच नेऊन सांगायचं. मंग निदान मोठ्यानं तरी सांगतो.’’

ज्याच्याविरुद्ध सांगायचं होतं, ती गोष्ट विहिरीची. बंबाची टाकी जोरात सोडली तर दहा मिनिटंही पुरत नसे. मग जवळच्या विहिरीत पाइप टाकून पुन्हा भरायची. कोष्टीपुऱ्यात एकच सार्वजनिक विहीर होती, चौकात. घराघरात हातमाग, सुताच्या पेट्या, वर कुडाचे माळे. म्हणजे गावात विहीर कुठं सगळ्यात गरजेची असेल तर तिथं. आणि नेमकी तीच विहीर अध्यक्षांच्या मेहुण्यानं एका सुट्टीच्या दिवसात स्लॅब टाकून झाकली आणि वर पिठाची चक्की बसवली. परवानगी कोणी दिली, कोणी विचारलं नाही. चक्की जवळ आली म्हणून बायका खूशच झाल्या. नळ आले होते, दिवसातून तासभर पाणी यायचं, विहिरीकडे कोण बघतो!

निनाव्यांच्या रजिस्टरात त्या दिवसापासून रोज एक ओळ वाढली. ‘कोष्टीपुऱ्याची विहीर झाकली गेली आहे. बंब भरण्यास जागा नाही.’ खाली रोज ‘पाहिले’. वर्ष होत आलं.

महिन्याच्या शेवटी सगळ्या विभागांचा एक गोषवारा सभेपुढे जायचा. तो मी बनवायचो. अग्निशमन विभाग, त्यात ‘त्रुटी’चा रकाना, त्यात मी निनाव्यांची ओळ उतरवली. हेडक्लार्कनी लाल शाईनं काट मारली.

‘‘अहो, विहीर काय बंबाची आहे का? विहीर पाणीपुरवठ्याची. त्यांच्या रकान्यात जाईल.’’

मी पाणीपुरवठ्याच्या बाबूकडे गेलो. तो म्हणाला, ‘‘झाकलेली विहीर वापरात नाही. जी वापरात नाही तिच्यात त्रुटी कशी राहील बापा?’’ आणि त्यानं निरंक लिहिलं. मग मीही अग्निशमनासमोर निरंक लिहिलं. अशी ती विहीर दोन रकान्यांच्या मधे पडली. यात कोणी लबाडी केली असं म्हणता येत नाही, हीच तर खरी लबाडी होती.

निनावे सही करेनात. ‘‘निरंक कायचा? मी रोज बोंबलून राहिलो ना!’’ महिनोन्‌महिने गोषवारा त्यांच्या सहीशिवाय गेला. शेवटी अध्यक्षांनी मुख्याधिकाऱ्यांना सांगितलं, सही पाहिजे. मुख्याधिकाऱ्यांनी हेडक्लार्कना सांगितलं. हेडक्लार्क माझ्या टेबलाशी आले, पान लावता लावता म्हणाले, ‘‘तुमचं ऐकतात हो ते. घेऊन टाका सही. अन् तुमचा कायम व्हायचा कागद या महिन्यात साहेबांपुढे आहे, नाही का?’’

बस. एवढंच. धमकी म्हणावी असं त्यात काही नव्हतं. मी रात्रभर जागलो, रडलो, झगडलो असं लिहिता आलं असतं तर बरं झालं असतं. पण तसं काही झालं नाही. मी जेवलो आणि झोपलो.

निनाव्यांना तेव्हा मोतीबिंदू उतरायला लागला होता. मोठी अक्षरं दिसायची, गोषवाऱ्याची बारीक अक्षरं दिसायची नाहीत. मान्य करत नसत. कागद हातभर लांब धरायचे, डोळे बारीक करायचे. त्या दिवशीही धरला.

‘‘तू लिहिलं न गा हे?’’

‘‘हो.’’

‘‘विहीर लिहिली?’’

मी म्हटलं, ‘‘लिहिली.’’

‘‘मंग झालं,’’ म्हणाले आणि सही केली. निनावे. चारही बाजूंनी नीट, शेवटी ठिपका. कागद परत देताना माझ्या बाहीचा दोरा लोंबताना दिसला असावा, किंवा बोटांना लागला असावा. त्यांनी गाठ मारून दिली. त्याच आठवड्यात मी कायम झालो. पेढे मीच वाटले, निनाव्यांनाही दिला.

दोन महिन्यांनी, वैशाखातल्या भर दुपारी, कोष्टीपुऱ्यात आग लागली. मी आग म्हणतो, मला कसलं पथ्य! सुताच्या पेट्यांनी पेट घेतला आणि बघता बघता चार घरं धडधडायला लागली. आम्ही कचेरीतले सगळे धावत गेलो. बंब आमच्याआधी पोचला होता. निनाव्यांनी पाणी सोडलं, दोन घरं जवळजवळ हातात आली होती, आणि पाइपमधून नुसती हवा यायला लागली. ते ओरडले, ‘‘विहीर!’’ सवयीनं ओरडले असतील. मग त्यांनाच आठवलं. त्यांनी बंबावरची लोखंडी सब्बल घेतली आणि चक्कीच्या ओट्यावर घाव घालायला सुरुवात केली. त्यांची दोन माणसं, मोहल्ल्यातले आठ-दहा जण, सगळे त्या स्लॅबवर तुटून पडले. चक्कीवाला शिव्या देत होता. खाली पाणी होतं. एका ठिकाणी टवका उडाला, आत खडा पडला, तर डुबुक् असा आवाज आला. तो आवाज मी ऐकला.

पार्वताबाई नावाची एक म्हातारी विणकरीण घराबाहेर आली होती, पण मागावर अर्धं विणलेलं लुगडं होतं. ते कापून आणते म्हणून ती परत आत गेली. निनाव्यांनी सब्बल टाकली आणि तिच्यामागे गेले. तिला घेऊन बाहेर आले तेव्हा त्यांचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला होता आणि ती गेली होती. लुगडं तिच्या मुठीत होतं. त्यांनी तिला चक्कीच्या ओट्यावरच ठेवलं, दुसरी सावलीची जागा नव्हती.

ठाणेदारांनी पंचनामा केला. सरळ माणूस होता. त्यांनी नगरपरिषदेला लेखी विचारलं, विहीर झाकल्याचं बंबवाल्यानं कळवलं होतं का? इकडून उत्तरादाखल गोषवारा गेला. त्रुटी निरंक, खाली सही निनावे. तो घेऊन मलाच ठाण्यात पाठवलं होतं.

‘‘ही सही तुमची?’’ ठाणेदारांनी विचारलं.

निनाव्यांचा हात फडक्यात गुंडाळलेला होता. त्यांनी डाव्या हातानं कागद लांब धरला, मग अगदी डोळ्यांजवळ आणला.

‘‘माहीच.’’

‘‘मग इथं निरंक लिहिलंय, निनावे.’’

त्यांनी कागदावरून नजर उचलून माझ्याकडे बघितलं. रागावले नव्हते. मी आता आपणहून बोलेन, अशी वाट पाहत होते. मी ठाण्याच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिलो. ते एवढंच म्हणाले, ‘‘सही माही आहे साहेब.’’

ठाणेदारांचा अहवाल नागपूरला गेला. त्यात त्यांना मिळालेला कागद होता, दुसरं काय असणार! मग नागपूरहून चौकशीला एक अधिकारी आले. निनाव्यांनी त्यांना सांगितलं, मी रोज लिहीत होतो, रजिस्टरं काढा. कचेरीनं कळवलं, रजिस्टरं सापडत नाहीत. निनावे म्हणाले, ‘‘नाही सापडत तं राहू द्या. माहा साक्षीदार आहे. हे बाबू. यायले मी रोज सांगत होतो.’’

अधिकाऱ्यांनी मला विचारलं, ‘‘यांनी विहिरीबद्दल तुम्हाला काही सांगितलं होतं?’’

खोलीत हेडक्लार्क बसले होते. मुख्याधिकारी खिडकीतून बाहेर बघत होते. त्यांची बदली मंजूर झाली होती. मी म्हणालो, ‘‘आठवत नाही.’’

जिन्यावर, जिथं त्यांनी एकदा माझं मनगट धरलं होतं, तिथंच निनावे मला गाठून उभे राहिले. मला वाटलं, आता थोबाडीत देतील. द्यायला हवी होती. त्यांनी त्या नसलेल्या भुवईखालून माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, ‘‘आठवत नाही म्हणजे, निरंकच न गा?’’

कर्तव्यात कसूर म्हणून त्यांना बडतर्फ केलं. स्लॅबचा टवका सिमेंटनं बुजवला आणि चक्की पुन्हा सुरू झाली. मी पुढे वरिष्ठ लिपिक झालो, मग हेडक्लार्क झालो. निनाव्यांवरचा तो जुना विनोद कोणी काढला की मी हसत नसे, इतकीच काय ती माझी मर्दुमकी.

बऱ्याच वर्षांनी, घराच्या चौकटीला सागवान बघायला मी नागपूरला लकडगंजमध्ये गेलो होतो. एका आरा मशीनच्या फाटकाशी लाल रंगवलेली पाण्याची चार पिपं ओळीनं ठेवलेली दिसली, वर झाकणं, बाजूला रेतीच्या बादल्या. इतकी नीट मांडलेली की माझे पाय थांबलेच. पिपांशेजारी स्टुलावर एक म्हातारा बसला होता. खाकी शर्ट, पितळी बक्कल घासलेलं, उजवा हात कोपरापर्यंत सुरकुतलेल्या गुलाबी कातडीचा. दोन्ही डोळे पांढरे. मी मागच्या मागे फिरणार होतो, पण पायाखाली लाकडाची ढलपी वाजली.

‘‘कोण आहे? भाऊ, एक मिनिट या न इकडे,’’ ते म्हणाले. ‘‘मले दिसत नाही. अन् हा हात भाजल्यापासून पाणी लागलं तरी कळत नाही, दुसऱ्याचाही आता भरवसा राहिला नाही. या पिपायत हात घालून सांगता का, भरले आहेत का? इथले पोट्टे न पाहताच भरले म्हणून सांगतात.’’

मी बाही वर सारली. पहिलं भरलेलं. दुसरं, तिसरं भरलेलं. चौथ्यात हात घातला, कोपर गेलं, खांदा टेकला, तेव्हा कुठं बोटांना तळाचं पाणी लागलं.

‘‘हे रिकामं आहे,’’ मी म्हणालो.

त्यांनी माझ्या आवाजाच्या दिशेनं कान वळवला. मग मान हलवली. ‘‘बरं झालं, सांगितलं.’’ भिंतीला एक काळी पाटी टांगलेली होती. तिच्यावर रोजची नोंद असायची, आणि खाली पाहणाऱ्याचं नाव. त्यांनी खिशातून खडू काढून माझ्यापुढे धरला. ‘‘मालक विचारते, कोणं पाहिलं म्हणून. लिहा, चौथं रिकामं. अन् खाली तुमचं नाव टाका.’’

मी खडू घेतला. हातावरून पाणी निथळत होतं, खडू भिजायला लागला. आत करवतीखाली एक ओंडका गेला, चिरला, दुसरा गेला. मी तसाच उभा होतो. नाव लिहायचं म्हणजे फक्त चार अक्षरं होती.

निनाव्यांनी हात पुढे केला, चाचपडत माझी बोटं शोधली आणि त्यातून खडू काढून घेतला.

‘‘राहू दे गा बाबू,’’ ते म्हणाले. ‘‘माहंच लिहितो.’’

उठून त्यांनी डाव्या हातानं पाटीची कड चाचपली आणि मोठ्या, वाकड्या अक्षरांत लिहिलं. चौथे पीप रिकामे. खाली सही, निनावे.